जेराल्ड ऑन्जियर आणि मुंबई बेट

ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराजांचे सैन्य आपल्या बागलाणातून परतले. वणी-दिंडोरीजवळ मोगल सरदार दाऊदखानाशी त्याची लढाई झाली, हे कळवण परिसरातील वाचकांना ठाऊकच आहे. त्या काळी सुरतेच्या इंग्रज वखारीचा अध्यक्ष जेराल्ड ऑन्जियर होता. सुरत निर्धोक राहिली नव्हती. त्याची दृष्टी मुंबई बेटाकडे लागली होती.

हे बेट १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होते. १६६१ च्या विवाहकराराने ते इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले आणि १६६८ मध्ये त्याने ते वार्षिक १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. नारळ, भात व मासळीवर जगणाऱ्या कोळी, भंडारी, आगरी रहिवाशांना या देवघेवीत कोणी विचारले नाही. त्यांच्यापैकी अनेक जण ख्रिस्ती झाले होते.

ऑन्जियर १६६९ मध्ये अध्यक्ष झाला, तेव्हा बेटावरील जमिनी कंपनीच्या की जुन्या ख्रिस्ती जमीनधारकांच्या, हा वाद पेटलेला होता. १६७२ मध्ये त्याने तडजोड केली: धारकांनी दरसाल २०,००० शेराफिन (पोर्तुगीज नाणी) द्यावेत व जमिनी त्यांच्याकडेच राहाव्यात. त्याच वर्षी पोर्तुगीज कायदा जाऊन इंग्रजी न्यायालय आले. पुढच्या वर्षी डच आरमार चालून आले, परंतु बंदोबस्त पाहून माघारी फिरले.

व्यापारी आणण्यासाठी त्याने प्रत्येक समाजाला आपापल्या धर्माची व रीतिरिवाजांची मोकळीक दिली. पारशी आले, आर्मेनियन आले. १६७७ मध्ये दीवच्या निमा पारेख या बनिया व्यापाऱ्याशी रीतसर करार झाला. पोर्तुगीज अमलात अन्यधर्मीयांना उघड उपासनेची अशी मुभा नव्हती, हे आपण कॅथलिकांनी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. अर्थात ऑन्जियरची सहिष्णुता व्यापाऱ्याच्या खतावणीतून आलेली होती. तरी आश्रयास आलेल्यांना तिचा लाभ खराच झाला. लोकसंख्या १०,००० वरून ६०,००० झाली, असे समकालीन प्रवासी डॉ. जॉन फ्रायर यांच्या लेखनावरून सांगितले जाते. आकडा फुगलेला असेल, पण वाढ निःसंशय होती.

बेटाच्या मूळ ख्रिस्ती रहिवाशांनी मात्र १८८७ मध्ये गोवा-मंगळूरकडील बांधवांहून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. मराठी बोलणाऱ्या भूमिपुत्रांनी परक्या कंपनीच्या नावाने ओळखले जावे, याचा खेद वाटतो.

तटबंदीवरील खर्चाबद्दल लंडनचे संचालक ऑन्जियरवर नाराज असत. ३० जून १६७७ रोजी तो सुरतेतच वारला. त्यानंतर दहा वर्षांनी, १६८७ मध्ये, कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलविले.