कामगार आजारी पडतो तो कारखान्यातल्या हवेमुळे, हे मालकांना पटवून देणाऱ्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन

१९१० च्या आसपासचं शिकागो शहर. तिथल्या एका पोलिश कामगाराच्या पोटात असह्य कळा येत होत्या आणि हात लुळे पडले होते. ही सगळी शिशाच्या विषबाधेची लक्षणं. पण हा माणूस कामाला होता बाथटबच्या कारखान्यात. टबवर पांढरं इनॅमल चढवायचं, एवढंच त्याचं काम.

मग शिसं आलं कुठून?

हे शोधायला एक डॉक्टर बाई थेट कारखान्यात गेल्या. तिथल्या लोकांनी त्यांना काम फिरवून दाखवलं. जे इनॅमल दाखवलं, त्यात शिसं नव्हतंच. दुसऱ्या कुणी इथेच फाइल बंद केली असती. पण या बाईंनी त्या कामगाराचं घर गाठलं. तेव्हा कळलं की त्यांना दाखवलं ते फक्त शेवटच्या डागडुजीचं काम होतं. खरं इनॅमल चढायचं दुसऱ्याच कारखान्यात.

त्या तिथेही गेल्या. भट्टीतून लालबुंद टब बाहेर यायचा आणि कामगार त्यावर इनॅमलची भुकटी भुरभुरायचे. भुकटी हवेत उडायची आणि श्वासावाटे सरळ पोटात-फुप्फुसात जायची. नमुना तपासला, तर त्यात शिसं सापडलं.

या डॉक्टर म्हणजे ॲलिस हॅमिल्टन. आज कंपन्यांमध्ये मास्क, एक्झॉस्ट फॅन आणि कामगारांची नियमित तपासणी दिसते. ही पद्धत अमेरिकेत रुजवणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव सगळ्यात वर घेतलं जातं.

वस्तीत राहायला गेलेल्या डॉक्टर

ॲलिस यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ चा. बालपण गेलं इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावात, खात्यापित्या घरात. १८९३ साली मिशिगन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरकीची पदवी घेतली. मग बहीण एडिथसोबत जर्मनीला शिकायला गेल्या. तिथे बायकांना वर्गात बसू दिलं जायचं, पण पुरुष विद्यार्थ्यांच्या नजरेला पडायचं नाही या अटीवर.

१८९७ मध्ये त्या शिकागोला आल्या आणि हल हाऊसमध्ये राहू लागल्या. समाजसेविका जेन ॲडम्स यांनी गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत चालवलेलं हे केंद्र. याच जेन ॲडम्सना पुढे १९३१ साली शांततेचं नोबेल मिळालं.

ॲलिस तिथे लहान बाळांचा दवाखाना चालवायच्या. बाळांच्या निमित्ताने त्यांच्या घरच्यांची ओळख झाली, आणि वस्तीतली धडधाकट माणसं काही वर्षांत कशी खंगतात हे समोर दिसायला लागलं. कुणाला स्टील कारखान्यातल्या विषारी वायूचा त्रास, तर कुणा रंगाऱ्याचा हात लुळा.

युरोपात या आजारांवर पुस्तकं निघाली होती, कायदे झाले होते. अमेरिकेत मात्र आमचे कारखाने चांगले आहेत, इथे असलं काही होत नाही, असाच समज होता.

घरोघरी जाऊन गोळा केलेले पुरावे

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने कामाच्या जागी होणाऱ्या आजारांची पाहणी सुरू केली. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने केलेली ही अशी पहिलीच पाहणी. जबाबदारी आली ॲलिस यांच्याकडे आणि त्यांनी विषय घेतला शिशाचा.

अडचण अशी की कारखान्यांकडे नोंदीच नव्हत्या. आजारी पडलेला कामगार काम सोडून जायचा, त्याच्या जागी दुसरा यायचा. मग ॲलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉस्पिटलची जुनी रजिस्टरं चाळली. औषधाची दुकानं, कामगारांची घरं, सगळीकडे जाऊन विचारपूस केली. शिसं वापरणाऱ्या ७० हून जास्त औद्योगिक प्रक्रिया सापडल्या आणि विषबाधेच्या ५०० हून जास्त केसेसही.

मालकांचं म्हणणं ठरलेलं असायचं. हे लोक हात न धुता जेवतात, दारू पितात, म्हणून आजारी पडतात. ॲलिस यांनी दाखवून दिलं की मुख्य दोषी हवेत उडणारी धूळ आणि वाफ आहे. हा फरक फार मोठा होता. हात न धुणं ही कामगाराची चूक ठरते. हवेत धूळ असेल, तर ती आवरणं मालकाच्या हातात असतं.

याच काळात त्यांची गाठ पडली नॅशनल लेड कंपनीच्या एडवर्ड कॉर्निश यांच्याशी. आपल्या कारखान्यात कामगारांना विषबाधा होते, यावर त्यांचा विश्वासच बसेना. पण सिद्ध करून दाखवलंत तर तुम्ही सांगाल तसं करीन, असा शब्द त्यांनी दिला. ॲलिस २२ कामगारांची नोंद घेऊन परत आल्या. सगळे हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलेले. कॉर्निश यांनी शब्द पाळला. धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवली आणि कामगारांच्या तपासणीसाठी डॉक्टर नेमले. तेव्हा तशी सक्ती करणारा कायदा नव्हता.

१९११ मध्ये इलिनॉयमध्ये कायदाही झाला.

अधिकार नाही, तरी देशभर पाहणी

त्यानंतर केंद्र सरकारच्या कामगार खात्याने त्यांना देशभरातल्या कारखान्यांचं काम दिलं. पण ठराविक पगार नाही आणि कुठल्याही कारखान्यात हक्काने शिरायचा अधिकारही नाही. मालकाने नाही म्हटलं, तर गेटवरूनच परत. तरीही त्या जात राहिल्या. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांचा पत्ता लागेना, तेव्हा आकाशात दिसणाऱ्या पिवळ्या-नारिंगी धुरावरून त्यांनी ते शोधून काढले.

१९१९ मध्ये हार्वर्डला हा विषय शिकवायला माणूस हवा होता. देशात या विषयात त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. त्यामुळे वयाच्या ५० व्या वर्षी त्या हार्वर्डच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. अटी मात्र अजब होत्या. फॅकल्टी क्लबमध्ये यायचं नाही, पदवीदान मिरवणुकीत चालायचं नाही आणि फुटबॉल मॅचची तिकिटं मागायची नाहीत. १९३५ मध्ये निवृत्त झाल्या, तेव्हाही त्या असिस्टंट प्रोफेसरच होत्या.

कारखान्याच्या गेटबाहेर आलेलं शिसं

१९२० च्या दशकात इंजिन नीट चालावं म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळायला सुरुवात झाली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीत ते बनवणाऱ्या ठिकाणी कामगारांना भ्रम होऊ लागले, ते अंगावर धावून जाऊ लागले. त्यातल्या ५ जणांचा मृत्यू झाला.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला यावर परिषद झाली. कंपन्यांचं म्हणणं होतं की कारखान्यात काळजी घेऊ, सामान्य माणसाला धोका असल्याचा पुरावा नाही. ॲलिस यांचा मुद्दा सरळ होता. चार भिंतींच्या आत शिशाची धूळ आवरताना इतके कष्ट पडतात, मग प्रत्येक गाडीतून रस्त्यावर पडणारं शिसं कोण आवरणार?

विक्री काही काळ थांबली. पण १९२६ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने बंदी घालण्याइतका पुरावा नसल्याचं सांगितलं आणि ते पेट्रोल पुन्हा बाजारात आलं. भारतात ते बंद व्हायला २००० साल उजाडलं. गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश होता अल्जीरिया. तिथे २०२१ मध्ये विक्री थांबली. म्हणजे ॲलिस यांनी इशारा दिल्यानंतर तब्बल ९६ वर्षांनी.

निवृत्तीनंतरही त्यांनी रेयॉन, म्हणजे कृत्रिम रेशीम बनवणाऱ्या कारखान्यांमधल्या विषारी वायूची पाहणी केली. २२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था सुरू झाली आणि कामगारांच्या सुरक्षेचा आणि आरोग्याचा देशव्यापी कायदाही मंजूर झाला.

आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात, सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांची यादी दिली होती. त्या यादीत पहिलंच नाव होतं शिशाच्या विषबाधेचं.