एका शपथेसाठी

लंडनचे नामवंत वकील थॉमस मोर १५२९ मध्ये इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सलर झाले. राजा आठवा हेन्री चर्चवर स्वतःची सत्ता लादू लागला, तेव्हा १५३२ मध्ये त्यांनी पद सोडलं. १५३४ मध्ये पोपचा अधिकार नाकारणारी शपथ सक्तीची झाली. जवळपास सगळ्या बिशपांनी ती घेतली. मोर टॉवरच्या तुरुंगात गेले. लाडकी लेक मार्गारेट विनवत राहिली. पण मनाला न पटलेलं देवाला साक्षी ठेवून बोलायचं कसं? ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ मध्ये ते संत घोषित झाले. पदावर असताना प्रोटेस्टंटांना जाळण्याच्या शिक्षेला त्यांनी पाठिंबा दिला, हेही सत्यच. ते झाकू नये. आणि आपण? मित्राची खोटी हजेरी लावतो नि म्हणतो, एवढ्याने काय होतंय!