अलेक्झांडर फ्लेमिंग : तुमच्या कल्चर रिपोर्टमागचा माणूस

लघवीचा किंवा रक्ताचा कल्चर रिपोर्ट तुम्ही कधी हातात घेतला असेल, तर त्यातली लांबलचक यादी आठवत असेल. एका बाजूला औषधांची नावं: नॉरफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन. समोर एस, आय किंवा आर. एस म्हणजे जिवाणू त्या औषधाला दाद देतो, आर म्हणजे देत नाही, आय म्हणजे मधलं काहीतरी. बरेच रुग्ण एस दिसला की ते नाव घेऊन थेट मेडिकलवर जातात. तसं का करू नये, हे फ्लेमिंग यांच्या आयुष्यावरून फार चांगलं कळतं. पेनिसिलिनची गोष्ट तुम्हाला शाळेपासून माहीत आहे, म्हणून मी इथे जास्त सांगणार आहे ते त्यांच्या चाचण्यांबद्दल.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ चा, स्कॉटलंडमधल्या डार्व्हेल गावाजवळच्या एका शेतावर. ते सात वर्षांचे असताना वडील गेले. पुढे लहान वयातच लंडनला भावाकडे आले, शिकले आणि चार वर्षं एका जहाज कंपनीत कारकुनी केली. काकांच्या वारशातून थोडे पैसे मिळाले तेव्हा १९०१ साली सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाले आणि १९०६ साली डॉक्टर झाले, पुढे एमबीबीएसही. हो, आमचीच पदवी! त्याच रुग्णालयात अल्मरोथ राइट यांच्या प्रयोगशाळेत लागले आणि जवळजवळ सगळी कारकीर्द तिथेच काढली.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये बुलोनच्या लष्करी रुग्णालयात होते. सैनिकांच्या जखमा तेव्हा तीव्र जंतुनाशकांनी धुतल्या जात, तरी त्या चिघळत. फ्लेमिंग यांनी काचेची एक नळी तापवून तिच्या बुडाला आतून पोकळ असे काटे काढले, म्हणजे खोल, वेड्यावाकड्या जखमेची नक्कलच. त्यात जंतू असलेला द्रव भरला, ओतून टाकला, जंतुनाशक भरलं, तेही ओतलं आणि पुन्हा स्वच्छ द्रव भरला. काट्यांच्या टोकांत दडलेले जंतू परत वाढले. साध्या सरळ नळीत जंतू मारणारं औषध जखमेच्या कोपऱ्यात पोचतच नव्हतं. शिवाय ते जंतूंच्या आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाच मारत होतं. मला स्वतःला हा प्रयोग पेनिसिलिनइतकाच मोठा वाटतो.

सप्टेंबर १९२८ मध्ये ते सुट्टीवरून परतले आणि स्टॅफिलोकॉकसच्या एका बशीत बुरशीभोवतीचे जिवाणू विरघळलेले दिसले. त्यानंतर त्यांनी जे केलं, ते पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. चायना ग्राससारख्या गोठलेल्या अगारच्या थरात त्यांनी एक चर कापला, त्यात बुरशीचा रस मिसळलेला अगार ओतला आणि चराला काटकोनात वेगवेगळ्या जिवाणूंच्या रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, न्यूमोकॉकस, घटसर्पाचे जिवाणू यांच्या रेघा चरापासून लांबच थांबलेल्या. टायफॉइडचे आणि आतड्यातले ई. कोलाय मात्र पार चरापर्यंत वाढलेले. म्हणजे एकाच बशीत एस आणि आर! रस पातळ करत नेला, तर ८०० पट पातळ केल्यावरही स्टॅफिलोकॉकस वाढेना. आज प्रयोगशाळा औषधाचं प्रमाण निम्मं-निम्मं करत जाते आणि किती कमी औषधात जिवाणूची वाढ थांबते हे बघते, त्यामागची कल्पना हीच.

युद्धातला धडा लक्षात ठेवून त्यांनी हा रस पांढऱ्या पेशींना इजा करत नाही हे तपासलं, निरोगी ससा आणि उंदराला टोचूनही पाहिला. काही झालं नाही. पण आजारी उंदराला त्यांनी तो दिलाच नाही. जंतू मरायला कित्येक तास लागत होते आणि सशाच्या रक्तातून औषध अर्ध्या तासात नाहीसं होत होतं, तेव्हा शरीरात त्याचा उपयोग होईल असं त्यांना वाटेना. १९२९ च्या त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात पेनिसिलिनचा उपयोग सांगितला आहे तो इन्फ्लुएंझा बॅसिलस वेगळा काढण्याचा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या कामाचा. रोग्यांपर्यंतची वाट ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांच्या चमूने काढली. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना घातक स्ट्रेप्टोकॉकस टोचले. पेनिसिलिन दिलेले चार जगले, न दिलेले चार मेले. बशीने यावेळी शरीरातल्या यशाचा अंदाज कमी सांगितला होता. उलटंही घडतं, त्याकडे येतोच.

१९४५ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. त्या वेळच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, अपुरं घेतो, त्याच्या घशातले जिवाणू औषधाला सरावतात आणि त्याच्या बायकोला तेच जिवाणू लागून न्यूमोनिया होतो. तिला औषध लागू पडत नाही. मारायला अपुऱ्या पडणाऱ्या औषधात जिवाणू वाढवले की ते निर्ढावतात, हे प्रयोगशाळेत तेव्हाच दिसलं होतं. ११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये फ्लेमिंग वारले.

पुढे १९६२ साली नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड हे पहिलं क्विनोलोन जगासमोर आलं. क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या एका उपपदार्थातून त्याचा माग लागला होता. १९८० च्या दशकात सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलं. फ्लेमिंग यांच्या चरापर्यंत बिनधास्त वाढलेले टायफॉइडचे आणि ई. कोलाय जिवाणू या औषधांपुढे बशीत झटपट मरत. काही वर्षांतच आपल्याकडे असे टायफॉइडचे रुग्ण दिसू लागले, ज्यांच्या रिपोर्टवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनसमोर एस होता आणि ताप मात्र उतरत नव्हता. ते जिवाणू जुन्या नॅलिडिक्सिक अ‍ॅसिडला दाद देत नव्हते आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढेही अर्धवट निर्ढावले होते. जुन्या मोजपट्टीवर ते दिसत नव्हतं, एवढंच. शेवटी २०१२ साली अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने टायफॉइडसाठी एस ची मर्यादा दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमवरून ०.०६ वर आणली. काल ज्यांच्यासमोर एस छापला जात होता, त्यांतल्या अनेक जिवाणूंसमोर आता आय येऊ लागला.

तुमच्या रिपोर्टवरचं अक्षर असं ठरतं. औषध मूत्रपिंडापर्यंत, पित्ताशयापर्यंत किंवा हाडापर्यंत पुरेसं पोचेल का, तुमच्या वयाला, गरोदरपणाला, स्नायूबंधांना ते झेपेल का, हे त्या कागदावर छापलेलं नसतं. म्हणून तो कागद आधी डॉक्टरांकडे न्या, मेडिकलवर नंतर.