कोल्टच्या पिस्तुलाची चढती बोली

अमेरिकेतील रॉक आयलंड येथील लिलावगृहात एप्रिल २०१८ मध्ये एक जुने रिव्हॉल्वर १८ लाख ४० हजार डॉलरना विकले गेले. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे १२ कोटी रुपये होते. सोन्याचा मुलामा नाही, रत्ने नाहीत. सुमारे दोन किलो वजनाचे, नऊ इंची नळीचे, १८४७ साली घडविलेले हे ओबडधोबड शस्त्र. त्याआधी २००८ मध्ये मेन राज्यातील लिलावात याच जातीच्या रिव्हॉल्वरला ९ लाख २० हजार डॉलर आले होते, तेव्हाही जाणकारांच्या भुवया उंचावल्या होत्या. दहा वर्षांत विक्रमी किंमत दुप्पट झाली. या शस्त्राचे नाव ‘वॉकर कोल्ट’ आणि ते घडविणारा सॅम्युअल कोल्ट हा त्या काळी जवळजवळ दिवाळखोर झालेला बत्तीस वर्षांचा तरुण होता.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्डचा. तो सहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांचा व्यापार बुडाला आणि अकराव्या वर्षी त्याची रवानगी एका शेतकऱ्याकडे कामाला झाली. शाळेत त्याचे मन रमले नाही. दारूकामाचे वेड मात्र जबर होते. अखेर १८३० मध्ये, सोळाव्या वर्षी, तो बोस्टनहून कलकत्त्याला निघालेल्या ‘कॉर्व्हो’ या जहाजावर खलाशी म्हणून चढला. या प्रवासात त्याने चाकूने लाकूड कोरून फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचा नमुना तयार केला. जहाजाचे सुकाणूचक्र पाहून ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती जशीच्या तशी स्वीकारण्याचे कारण नाही. एलिशा कॉलिअर या अमेरिकन कारागिराने १८१८ मध्येच लंडनला फिरत्या सिलिंडरच्या बंदुकीचे पेटंट घेतले होते. कोल्टचे खरे श्रेय वेगळे आहे. घोडा मागे ओढताच सिलिंडर आपोआप फिरावे आणि पुढचा बार नेमका नळीसमोर येऊन घट्ट बसावा, ही योजना त्याने व्यवहारात आणली.

नमुने घडविण्यासाठी बंदूककारागिरांना पैसे द्यावे लागत आणि ते कोल्टने मोठ्या मजेशीर मार्गाने मिळविले. ‘कलकत्त्याचे डॉ. कूल्ट’ असे नाव धारण करून तो अमेरिका आणि कॅनडातील गावोगावी हसविणाऱ्या वायूचे जाहीर प्रयोग करीत फिरला. डॉक्टरकी खोटी, कलकत्त्याचा संबंध एका सफरीपुरता. पण तिकिटे खपत होती. जाहिरातीचे शास्त्र तो इथेच शिकला असावा.

अमेरिकन पेटंट त्याला २५ फेब्रुवारी १८३६ रोजी मिळाले. नातेवाइकांच्या भांडवलावर न्यू जर्सीतील पॅटर्सन येथे कारखाना निघाला. पाच बारांचे पॅटर्सन रिव्हॉल्वर नाजूक होते, महाग होते आणि लष्कराने त्याकडे पाठ फिरविली. टेक्सासच्या आरमाराने काही मागणी नोंदविली, तेवढाच आधार. १८४२ मध्ये कारखाना बंद पडला. त्याच वर्षी कोल्टचा भाऊ जॉन याने, खुनाच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झाली असताना, शिक्षेच्या दिवशीच तुरुंगात स्वतःला संपविले. कोल्ट मग पाण्याखालील सुरुंग आणि तारायंत्राच्या तारा यांच्या मागे लागला. ज्या मालाला तेव्हा गिऱ्हाईक नव्हते, त्यातलेच एक पॅटर्सन रिव्हॉल्वर २०११ मध्ये ९ लाख ७७ हजार ५०० डॉलरना गेले.

त्याला तारले ते टेक्सासच्या सरहद्दीवरील लढायांनी. टेक्सास रेंजर्स हे घोडदळ आरमाराकडून आलेली पॅटर्सन पिस्तुले वापरत होते. ठासणीच्या बंदुकीत एकदा बार उडाला की पुन्हा ठासेपर्यंत कोमांची योद्धा अनेक बाण सोडीत असे. जून १८४४ मधील एका चकमकीत मूठभर रेंजर्सनी या पिस्तुलांच्या जोरावर कित्येक पट मोठ्या कोमांची टोळीला पिटाळले. त्यात सॅम्युअल वॉकर हा रेंजर होता. मेक्सिकोशी युद्ध पेटल्यावर लष्करात कॅप्टन झालेल्या वॉकरने कोल्टशी विचारविनिमय करून नवा आराखडा ठरविला : सहा बार, मोठी गोळी, भक्कम मूठ. जानेवारी १८४७ मध्ये सरकारने एक हजार नगांचे कंत्राट दिले. कोल्टकडे कारखाना नव्हता. ही पिस्तुले एली व्हिटनी धाकटा याच्या कारखान्यात बनली. सैन्यासाठी हजार आणि खासगी विक्री व भेटीसाठी शंभर, असे एकूण अकराशे नग. त्यातली एक जोडी कोल्टने वॉकरला पाठविली. ती हाती पडून फार दिवस झाले नव्हते, तोच ९ ऑक्टोबर १८४७ रोजी हुआमांतला येथे वॉकर मारला गेला.

आजच्या किमतींचे रहस्य या अकराशेच्या आकड्यात आहे. त्यातही दारूचा भार इतका मोठा होता की अनेकांची सिलिंडरे लढाईतच फुटली. काही युद्धात हरवली, काही गंजून गेली. वाचली ती थोडी. प्रत्येक सिलिंडरवर रेंजर्स-कोमांची चकमकीचे चित्र रुळाच्या ठशाने उमटविलेले असे. हाताळून ते झिजले. संग्राहक आज भिंगातून पाहतात ते हेच, की चित्रातले किती घोडे अजून दिसतात. त्या चित्रात गोळ्या खाणारी माणसे कोण होती, याचा विचार बोली लावताना किती जण करतात हे सांगणे कठीण आहे.

कंत्राटाच्या नफ्यातून कोल्ट हार्टफर्डला परतला. कनेक्टिकट नदीकाठची पाणथळ जमीन घेऊन त्याने बांध घातला आणि १८५५ मध्ये निळ्या घुमटाचा अवाढव्य कारखाना उभा केला. एलिशा रूट या कुशल यंत्रज्ञाच्या देखरेखीखाली सुटे भाग यंत्रावर घडू लागले. एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्यात बसावा, सर्व नग एकसारखे असावेत, हा ध्यास होता. १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर त्याने तेथेही कारखाना काढला. १८५१ च्या ‘नेव्ही’ नमुन्याचे हार्टफर्डला सुमारे २ लाख १५ हजार आणि लंडनला ४२ हजार नग निघाले. म्हणूनच साधे नेव्ही आजही काही हजार डॉलरना मिळू शकते. ज्या एकसारखेपणाने कोल्टला श्रीमंत केले, त्याला संग्राहकांच्या बाजारात भाव नाही. तेथे मोल आहे ते क्रमांकाला, मूळ पेटीला आणि मालकाच्या नावाला.

विक्रेता म्हणून कोल्ट निर्ढावलेला होता. रशियाचा झार आणि तुर्कस्तानचा सुलतान एकमेकांचे वैरी. त्याने दोघांनाही सोन्याने मढविलेली रिव्हॉल्वरे नजर केली. अमेरिकन यादवी पेटण्याच्या उंबरठ्यापर्यंत दक्षिणेच्या राज्यांना त्याचा माल जात होता, त्याबद्दल उत्तरेतील वृत्तपत्रांनी त्याच्यावर टीकाही केली. १० जानेवारी १८६२ रोजी, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो वारला. मागे राहिली सुमारे दीड कोटी डॉलरची मालमत्ता, पत्नी एलिझाबेथ आणि लहान मुलगा. १८६४ च्या आगीत कारखाना जळाला. तो पुन्हा उभारला एलिझाबेथने, आणि १९०१ पर्यंत कंपनी तिच्याच ताब्यात होती.

एकविसाव्या शतकात या शस्त्रांचे भाव का चढले, याला एक कायदेशीर कारणही आहे. १९६८ च्या अमेरिकन कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेली बंदूक ही पुरातन वस्तू ठरते आणि तिच्या खरेदीला शस्त्रविक्रीचे केंद्रीय निर्बंध सहसा लागू होत नाहीत. भाव चढले तसे बनावट वॉकरही बाजारात आले; त्यामुळे कागदपत्रांसह घराण्यात राहिलेले शस्त्र दुप्पट मोलाचे. केवळ कथेला किती किंमत येते हे ऑगस्ट २०२१ मध्ये दिसले. बिली द किड या दरोडेखोराला ठार करणारे पॅट गॅरेटचे कोल्ट रिव्हॉल्वर लॉस एंजेलिसच्या लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेले. हा नमुना कोल्टच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १८७३ साली, निघालेला. कंपनीचे मात्र तसे बरे चालले नव्हते : २०१५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०२१ मध्ये ती एका चेक उद्योगसमूहाने विकत घेतली.

एलिझाबेथने नवऱ्याचा शस्त्रसंग्रह हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अ‍ॅथेनियम या संग्रहालयाला दिला. ‘कॉर्व्हो’वर सोळा वर्षांच्या मुलाने कोरलेले लाकडाचे ते तुकडेही त्यातच आहेत.