बंदुकीचा टेकू
हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे नाव निघाले की त्यांनी तीसहून अधिक वाघ मारल्याची गोष्ट निघतेच. जन्म १८६६ चा. १८६९ मध्ये गादीवर आले तेव्हा तीन वर्षांचेही नव्हते. टेकू होता सालारजंगांचा. १८८४ मध्ये कारभार त्यांच्या हाती आला. आदिलाबाद जिल्हा झाला तो त्यांच्याच काळात, १९०५ साली.

मी दरबारी गवयाचा मुलगा. बंदुकीतले मला थोडेच कळते. पण टेकू कळतो. पालथे पडून नेम धरणाऱ्याला दोन पायांची घोडी चालते. उंच गवतात ती निरुपयोगी. मचाणावर फांदीच बरी, मात्र मध्ये कापडाची घडी हवी. नाहीतर बंदूक उसळून गोळी वर जाते. माझा सूर हलला तर गाणे बिघडते. शिकाऱ्याचा हात हलला तर जखमी वाघ रानात तळमळत राहतो.

राजा दीनदयाळ यांनी टिपलेली त्या शिकारींची छायाचित्रे पाहताना नेमाचे कौतुक वाटते आणि मन खिन्नही होते. १९०८ च्या मुसीच्या पुरात याच राजाने लोकांना महालात आसरा दिला. १९११ मध्ये ते गेले. १९७२ च्या कायद्याने वाघाची शिकार बंद झाली. २०१२ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले कवालचे रान व्याघ्रप्रकल्प झाले. आता टेकू वाघालाच हवा आहे.