जे. सी. आर. लिकलायडर: चॅटिंगचा पाया घालणारा मानसशास्त्रज्ञ

डेटा पॅक संपलाय, पण हॉस्टेलचा वाय-फाय राउटर चालू आहे. अशा वेळीही चॅट करता येतं! एका कॉम्प्युटरवर मेसेज सर्व्हर बसवायचा आणि बाकीच्यांनी त्याच राउटरवरून त्याला जोडायचं. मेसेज इमारतीबाहेर जातच नाहीत. या कल्पनेची मुळं शोधायला गेलं की एक नाव हमखास भेटतं: जे. सी. आर. लिकलायडर.

कोण होते लिकलायडर?

जन्म 11 मार्च 1915, अमेरिकेतलं सेंट लुईस शहर. मित्र त्यांना 'लिक' म्हणायचे. ते मूळचे मानसशास्त्रज्ञ. माणसाला आवाज कसा ऐकू येतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्या काळी कॉम्प्युटरला पंच कार्डं द्यायची आणि उत्तरासाठी तासन्‌तास थांबायचं. लिक मात्र पीडीपी-1 या मशीनसमोर स्वतः बसून काम करू लागले. माणूस आणि कॉम्प्युटर यांची जोडी जमली पाहिजे, असं त्यांनी 1960 मध्ये एका लेखात मांडलं.

एक मशीन, अनेक माणसं

1962 मध्ये ते अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'आर्पा' संस्थेत गेले. तिथून त्यांनी टाइम-शेअरिंगच्या संशोधनाला पैसा दिला. टाइम-शेअरिंग म्हणजे एकच मोठा कॉम्प्युटर अनेकांनी आपापल्या टर्मिनलवरून एकाच वेळी वापरायचा. त्या पैशातून 1963 मध्ये एमआयटीत प्रोजेक्ट मॅक सुरू झाला. 1965 मध्ये एमआयटीच्याच टाइम-शेअरिंग सिस्टिमवर टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी मेल कमांड लिहिली. इंटरनेट नव्हतंच, तरी एकाने ठेवलेला निरोप दुसऱ्याला त्याच मशीनवर मिळू लागला. लोकल चॅटमागचं तत्त्वही हेच: मधला कॉम्प्युटर सगळ्यांचा सामायिक.

त्यांची खरी काळजी

1968 मध्ये रॉबर्ट टेलर यांच्यासोबत लिहिलेल्या लेखात त्यांनी सांगितलं, की पुढे लोक ठिकाणामुळे नाही, तर आवडीमुळे एकत्र येतील. आपले ग्रुप आठवले ना? पण ऑनलाइन असणं मोजक्यांचीच चैन राहिली तर दरी वाढेल, हा इशाराही त्यांनी तेव्हाच दिला होता.

1969 मध्ये आर्पानेट सुरू झालं. 26 जून 1990 ला लिक गेले. वेब सर्वांसाठी खुलं झालं ते त्यानंतर. त्यांची काळजी अजून संपलेली नाही. रिचार्ज परवडत नाही म्हणून एखादा मित्र ग्रुपबाहेर राहत असेल, तर निदान एका इमारतीपुरता त्यावर उपाय आपल्या हातात आहे.