अनाथांची माउली : सावित्रीबाई फुले

पुणे हे विद्येचे माहेरघर म्हणून आपण त्याचा गौरव करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु दीडशे वर्षांपूर्वी याच पुण्यात तान्ही लेकरे आडात नाहीतर उकिरड्यावर टाकली जात, ही गोष्टही विसरून चालणार नाही. त्या लेकरांना ज्या बाईने पदराखाली घेतले, तिचे चरित्र आज थोडक्यात पाहू.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. वडील खंडोजी नेवसे गावचे पाटील. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी त्यांचे लग्न झाले. अक्षरओळख सासरी आल्यावरच झाली. १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, आणि बाई तेथे शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना लोक शेण-चिखल फेकत. बाई तशाच पुढे जात. ही हकिगत बहुतेकांस ठाऊक आहे. त्यांच्या दुसऱ्या कार्याची माहिती मात्र तितकीशी नसते.

त्या काळी उच्चवर्णीयांत मुलींची लग्ने पाळण्यात होत. नवरा मेला म्हणजे दहा-बारा वर्षांच्या पोरीचे केस उतरवून तिला घराच्या कोपऱ्यात बसवीत. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला खरा, पण तो कागदावरच राहिला. अशी अनाथ बाई घरातल्याच कोणा पुरुषाच्या पापाला बळी पडली, तर तो राही मोकळा आणि हिच्यापुढे उरे विष किंवा विहीर.

काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवांनी तिला फसवले. दिवस गेल्यावर त्यांनी हात वर केले. अब्रूच्या भीतीने तिने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले. खटला चालला आणि तिला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवांच्या केसालाही धक्का लागला नाही!

या प्रकाराने फुले पतिपत्नीचे काळीज हलले. १८६३ साली त्यांनी गंज पेठेतील आपल्या राहत्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ब्राह्मण आळ्यांतून जाहिराती चिकटवल्या. विधवांनी गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे त्यांच्या खुशीवर, असा त्यांचा आशय होता. खर्च फुल्यांनी पदरचा केला. बाळंतपणे करणे, बाळंतिणीला शेकणे, पोरांचे न्हाऊमाखू, हे सारे सावित्रीबाईंनी आपल्या अंगावर घेतले.

वाचकहो, पुढची गोष्ट ऐकताना मन घट्ट करावे लागते. १८८४ पर्यंत त्या घरात ३५ विधवा बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी जगली फक्त ५. गर्भ पाडण्यासाठी आधीच जहरी औषधे घेतलेली असत. त्यामुळे बाकीची लेकरे हाती लागूनही वाचली नाहीत. तीस वेळा हातातले मूल गेले, तरी बाईंनी दार लावले नाही. आलेल्या पस्तीसजणींना निजायला जागा मिळाली, विहिरीचा काठ शोधावा लागला नाही. हे काय थोडे झाले?

फुल्यांना स्वतःचे मूल नव्हते. १८७४ साली त्याच गृहात एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. लोक काय काय बोलले असतील, याची कल्पना करावी! पण बाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले, आणि तो पुढे डॉक्टर झाला.

आपल्या पंढरपुरातही १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी असाच बालकाश्रम काढला. क्षेत्राच्या ठिकाणी येऊन लेकरे टाकून जाण्याची पाळी बायांवर येई, म्हणून तेथे त्याची गरज फार होती.

१८७६-७७ चा भीषण दुष्काळ पडला. गावेच्या गावे उठली आणि आईबापांपासून तुटलेली पोरे रस्त्यावर आली. सावित्रीबाई जुन्नर तालुक्यात ओतूरकडे मदतकार्यात होत्या. पुण्याजवळ धनकवडीला सत्यशोधक मंडळींनी बालाश्रम उघडला आणि उपाशी पोरांना जेवू घातले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा बाईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. लोक घरेदारे सोडून पळाले. बाईंचे वय सहासष्ट. त्यांनी डॉक्टर यशवंतांना बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड हा मुलगा प्लेगने फणफणला होता. त्याला उचलायला कोण धजणार? म्हातारीने त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, पण बाईंना प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

आज पुण्याच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ते फार उचित झाले. परंतु स्टेशनावर, पुलाखाली, देवळाच्या पायरीशी एखादे बेवारस पोर आजही दिसते. त्याला हाकलून द्यायचे की त्याच्याशी दोन शब्द बोलायचे, हे ज्याच्या त्याच्या हाती आहे. १०९८ या क्रमांकावर फोन केला तरी त्याच्यासाठी मदत मिळू शकते. सावित्रीबाईंनी जात विचारली नाही, बाप कोण हे विचारले नाही. आधी लेकराला जवळ घेतले. आपल्याला तेवढे नाही जमले, तरी निदान पाठ फिरवू नये, एवढे तर खास जमेल.